बाय अँड लार्ज

"बाय अँड लार्ज सगळं ट्रॅकवर आहे," आज मीटिंगमध्ये साहेब चौथ्यांदा म्हणाले आणि माझं लक्षच उडालं, कारण 'एकंदरीत' म्हणायला हे 'बाय' आणि 'लार्ज' एकत्र आले कुठून?

घरी येऊन शोधलं तर निघालं जहाजावरून! १७व्या शतकातल्या इंग्रज खलाशांची बोली. वारा समोरून तिरका येत असताना जमेल तितकं त्याला भिडून जहाज हाकायचं ते 'बाय', आणि वारा मागून, शिडं टम्म फुगलेली, ते 'लार्ज'. दोन्हीत नीट चालणारं जहाज म्हणजे बाय अँड लार्ज चांगलं.

आमचा प्रोजेक्ट फक्त लार्ज आहे. समोरून वारा आला की (म्हणजे क्लायंटचा मेल) आम्ही सगळे टेकन अबॅक, म्हणजे एकदम गांगरलेले, आणि तेही जहाजावरचंच, वारा अचानक उलटून शिडं डोलकाठीवर चिकटली की जहाज जागच्या जागी थबकायचं त्याला म्हणायचे. हुबेहूब आमची टीम!

मग आठवलं, आपण 'काम तडीस नेलं' म्हणतो, तिथली तड म्हणजे काठच ना? इतकी वर्षं म्हणतोय, कधी होडी दिसली नव्हती. तुम्हाला असे अजून शब्द माहितीयत का?