रत्नागिरीत राहून मासे का खात नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या घरात राहायला येणारी प्रत्येक नवी मुलगी हा प्रश्न विचारतेच. नोकरी करणाऱ्या आम्ही काही जणी एकत्र राहतो. स्वयंपाकघर एकच, जेवणही बहुतेकदा एकत्रच. मग अंदाज सुरू होतात. माळ घातलीस का? घरी चालत नाही का? यातलं काहीच नाही. मी चिकन खाते, अंडी खाते. मासा मात्र मला गिळवत नाही, आधी वासाने आणि मग त्याच्या मऊपणाने. अळूचं फदफदंही मला जात नाही, त्याला तर वासही नसतो.

हे कारण ऐकलं की चिडवणं सुरू. ‘राणीसाहेबांसाठी काय करायचं आज?’ ‘एक तुकडी खाऊन बघ, मरत नाहीस.’ एकदा माझ्या आमटीत सुकट घातली होती, मला कळतंय का ते बघायला. पहिल्याच घासाला कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस झाकलेलं पातेलं हुंगल्याशिवाय मी वाढून घेतलं नाही.

आमच्यातली एक जण श्रावण पाळते. त्या महिन्यात तिच्यासाठी तवा वेगळा, कालथा वेगळा, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. काढूही नये. पण देवासाठी सोडलेला मासा सगळ्यांना समजतो आणि माझा न खाल्लेला मासा म्हणजे नखरे, हे मला फार लागतं.

माशाचा वास सगळ्यांना सारखा येतच नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याच्या अंगातल्या एका द्रव्यापासून ट्रायमिथिलअमाइन तयार करतात, तोच तो वास. कालवणातलं आमसूल किंवा चिंच तो मारते. २०२० साली आइसलँडच्या संशोधकांनी दाखवलं की एका जनुकात ठरावीक बदल असलेल्या लोकांना हा वास कमी त्रासदायक वाटतो. म्हणजे एकाच पातेल्यापाशी उभ्या असलेल्या दोघींची नाकं खरोखरच वेगळी असू शकतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा सगळ्या म्हणतात, आता तुझी चंगळ! उलट तेच दोन महिने मला जड जातात. ताजं म्हावरं नाही म्हणून गॅसवर सुके बांगडे, बोंबील भाजले जातात, पावसामुळे खिडक्या बंद, आणि तो वास पार उशीच्या अभ्र्यापर्यंत पोचतो.

मग जेवतेस काय, हा पुढचा प्रश्न. कुळथाची पिठी आणि भात, वालाचं बिरडं, घावणे, हंगामात ओल्या काजूची उसळ. माझं पोट कधी अर्धं राहिलं नाही.

शिवाय आमच्याकडे देवगडच्या एक ताई आहेत. कालवणाचं वाटण झालं की त्यात तिरफळं आणि बांगडे पडायच्या आधी त्या वाटीभर माझ्यासाठी काढून ठेवतात. मी त्यात उकडलेली अंडी सोडते. त्यांना वेगळं काही रांधावं लागत नाही आणि मी सगळ्यांबरोबर बसून त्याच वाटणाचं जेवते. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं. नवीन मुलींना मात्र मी पहिल्याच दिवशी सांगते: मला मासा खायला लावू नका, वाटीभर वाटण तेवढं आधी काढा.