मध्यरात्रीचा विश्वचषक, सकाळचं पान एक

3 नोव्हेंबर 2025च्या सकाळी ज्यांच्या तालुक्यात पेपरात ‘अंतिम सामना रंगात’ एवढंच आलं, त्यांनी संपादकाला बोल लावू नये. आदल्या दिवशीचा, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरचा महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे तीनऐवजी पाचला सुरू झाला आणि संपेस्तोवर मध्यरात्र झाली. लांबच्या गावांना जाणारी डाक आवृत्ती त्याआधीच छापून गाडीत पडते. निकाल मिळतो तो शहर आवृत्तीला.

अशा रात्री पान एकच्या दोन डमी (पानाचे कच्चे आराखडे) तयार ठेवतात, विजयाची आणि पराभवाची. विजयाच्या डमीत मास्टहेडखाली, म्हणजे पेपराच्या नावाच्या पट्टीखाली, आठ कॉलमी फोटोची जागा, त्यावर मथळा, कडेला धावफलकाची चौकट. जागा आधी ठरते, मजकूर मागून येतो. मग आकडे भरायचे: भारत 7 बाद 298, दक्षिण आफ्रिका सर्वबाद 246, विजय 52 धावांनी, दीप्ती शर्माच्या 58 धावा आणि 5 बळी. घोळ इथेच होतो. घाईत जुनी फोटोओळ तशीच राहते, नाहीतर पान एकवर 52 आणि क्रीडा पानावर 53.

तिरंगी पट्टी, ‘देशाच्या लेकी’, नेत्यांची अभिनंदनं, पेपराला बाहेरून गुंडाळलेलं जाहिरातींचं जॅकेट... हा सगळा थाट डेस्कवर उभा राहतो, मैदानावर नाही. (जॅकेटची जागा तर बरीच आधी विकली जाते.) दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्टचा शतकानंतर अमनजोत कौरनं अडखळत टिपलेला झेल, जिथे सामना खरा फिरला, तो बहुतेकदा आतल्या पानावर सापडतो. आणि भारत साखळीत सलग तीन सामने हरला, तेव्हा याच संघाला पान एकवर कुणी शोधून पाहावं!