ॲक्सेस पॉइंट वाढवले, तरी फोन जुन्यालाच का चिकटतो?

घरात दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) बसला की पहिली तक्रार ठरलेली असते. बेडरूममध्ये नवा ॲक्सेस पॉइंट अगदी डोक्यावर आहे, पण फोन मात्र हॉलमधल्यालाच धरून बसलाय. रेंजच्या रेघा दिसतात, तरी व्हिडिओ कॉल तुटत तुटत चालतो. अशा वेळी बहुतेक जण सेटिंगमध्ये जाऊन दोन्हीकडची पॉवर 'हाय' करतात. त्याने दुखणं वाढतं.

कारण कुठल्या ॲक्सेस पॉइंटला जोडून घ्यायचं, हे फोन ठरवतो. ॲक्सेस पॉइंट फार तर सुचवू शकतो, नाहीतर फोनला सरळ बाहेर काढू शकतो. ॲपलने आयफोनचा नियम जाहीरच केलेला आहे: सध्याचा सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला) खाली जाईपर्यंत फोन दुसरा पर्याय शोधायला लागत नाही, आणि शोधल्यावरही डेटा चालू असेल तर किमान ८ डीबीने चांगला सिग्नल मिळाला तरच उडी मारतो. हॉलमधला ॲक्सेस पॉइंट पूर्ण ताकदीने ओरडत असेल, तर बेडरूममध्येही त्याचा सिग्नल उणे ६६ वगैरे येतो. फोनच्या हिशोबाने सगळं ठीक चाललेलं असतं.

त्यात आणखी एक भानगड आहे. ॲक्सेस पॉइंट २० ते २३ डीबीएमने बोलतो, फोन मात्र बहुधा १२ ते १५ च्या आसपास. दर ३ डीबीला ताकद दुप्पट होते, म्हणजे ९ डीबीचा फरक आठपट झाला. ॲक्सेस पॉइंटचे अँटेना चांगले असतात म्हणून थोडी भरपाई होते, पण पूर्ण नाही. म्हणूनच रेघा भरपूर दिसतात, डाउनलोड जेमतेम चालतं आणि अपलोड मात्र अडकतं. कॉलमध्ये आपल्याला समोरच्याचं ऐकू येतं, त्याला आपलं येत नाही.

तेव्हा पॉवर कमी करा. सुरुवात म्हणून ५ गिगाहर्ट्झला १४ ते १७ डीबीएम आणि २.४ गिगाहर्ट्झला ८ ते ११ डीबीएम ठेवा. वायफायच्या या दोन लहरपट्ट्यांमधलं, म्हणजे बँडमधलं, हे अंतर मुद्दाम ठेवायचं. त्याच जागी, त्याच ताकदीने पाठवलेला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा साधारण ७ डीबी कमी भरतो, आणि भिंती त्यात आणखी खातात. दोन्हींची पॉवर सारखी ठेवली तर फोनला २.४ नेहमीच जास्त जोरात ऐकू येतो आणि तो त्या गर्दीच्या, संथ बँडवर जाऊन बसतो. तीन ॲक्सेस पॉइंट असतील तर मधल्याचा २.४ चा रेडिओ पूर्ण बंद केला तरी चालतं. २.४ ला भिंती फारशा अडवत नाहीत, कडेचे दोन पुरतात.

हे आकडे आंधळेपणाने भरून थांबू नका, मोजा. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर पुरेसा आहे. आयफोनवर ॲपलच्याच एअरपोर्ट युटिलिटी ॲपमधला वायफाय स्कॅनर आधी फोनच्या सेटिंगमधून चालू करावा लागतो. मॅकवर ऑप्शन की दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सिग्नल, नॉइज, चॅनल आणि बीएसएसआयडी एकत्र दिसतात. बीएसएसआयडी म्हणजे त्या रेडिओचा स्वतःचा पत्ता. सगळ्यांचं वायफायचं नाव एकच असल्यामुळे आपण नक्की कुठे जोडलेलो आहोत, हे फक्त त्यावरूनच कळतं. म्हणून सगळ्या रेडिओंचे बीएसएसआयडी आधीच कागदावर लिहून ठेवा.

जिथे बसून काम होतं, तिथे ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ६५ किंवा त्याहून चांगला हवा. दोन ॲक्सेस पॉइंटच्या हद्दी जिथे मिळतात, बहुतेक घरांत ती जागा म्हणजे मधलं दार, तिथे दोघांचाही सिग्नल उणे ६७ ते ७० च्या दरम्यान यावा. आणि एका खोलीत आत गेल्यावर पलीकडचा उणे ७५ च्या खाली जावा. तो जात नसेल तर पलीकडच्याची पॉवर २-३ डीबीने उतरवा आणि पुन्हा मोजा. मोजताना फोन छातीसमोर धरून एकदा मागे वळून पाहा: आपलं अंग मध्ये आलं की आकडा लगेच काही डीबी पडतो. एका जागेचे दोन्ही बाजूंना तोंड करून घेतलेले आकडेच खरे माना.

पॉवर उतरवूनही हद्द नीट पडत नसेल, तर दोष जागेचा आहे. सेटिंगशी झगडण्यापेक्षा ॲक्सेस पॉइंट हलवा. दोन ॲक्सेस पॉइंट एकाच पॅसेजच्या दोन टोकांना ठेवणं ही सर्रास होणारी चूक. पॅसेजमध्ये दोघेही एकमेकांना स्वच्छ ऐकतात आणि खोल्यांमध्ये कुणाचंच नीट पोचत नाही. ते खोल्यांच्या आत ठेवा. मधली भिंत इथे मदतच करते, हद्द तीच आखून देते. आरसे, धातूची कपाटं आणि पाण्याच्या टाक्या यांच्या मागे काहीही ठेवू नका. यूएसबी ३ ची हार्डडिस्क राउटरला अगदी खेटून असेल तर तीही हलवा, तिच्या केबलमधून २.४ मध्ये नॉइज पसरतो.

चॅनलबद्दल. २.४ मध्ये १, ६ आणि ११ एवढेच वापरा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. शेजाऱ्यांना टाळायचं म्हणून ३ किंवा ८ निवडणारे खूप आहेत, पण त्याने दोन्हीकडचं नुकसान होतं. एकाच चॅनलवरचे रेडिओ एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि आपली पाळी येईपर्यंत थांबतात. अर्धवट एकमेकांवर चढलेल्या चॅनलवर समोरचं बोलणं ओळखू येत नाही, तो फक्त गोंगाट ठरतो आणि पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवावी लागतात.

५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवली तर ३६ ते ४८ हा एक गठ्ठा आणि १४९ ते १६१ हा दुसरा. दोन ॲक्सेस पॉइंटना एवढं पुरतं. तिसरा आला की दोन वाटा उरतात: डीएफएसचे (रडारसोबत वाटून घ्यायचे) चॅनल, म्हणजे ५२ ते १४४, किंवा रुंदी ४० वर आणून ३६, ४४, १४९, १५७ असे चार गठ्ठे. डीएफएसवर रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला १० सेकंदांत तो चॅनल सोडावा लागतो आणि पुढची ३० मिनिटं तिथे परतता येत नाही. नव्या चॅनलवर बोलण्याआधीही त्याला किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. शिवाय फोनही तिथे स्वतःहून विचारत नाही, फक्त ऐकतो, त्यामुळे त्याला नवा ॲक्सेस पॉइंट सापडायला वेळ लागतो. घरासाठी मला ४० मेगाहर्ट्झच बरं वाटतं. वायफाय ६ चा दोन अँटेनांचा फोन ४० वर ५७४ एमबीपीएसने जोडला जातो, त्यातून प्रत्यक्षात ३०० च्या वर हमखास मिळतात, आणि रुंदी अर्धी झाल्यामुळे नॉइज ३ डीबीने कमी होतो तो वेगळाच. कोणते चॅनल वापरायला परवानगी आहे हे देशागणिक बदलतं, म्हणून सगळ्या ॲक्सेस पॉइंटवर देशाचं सेटिंग बरोबर आणि एकसारखं असल्याची खात्री करा. चॅनल 'ऑटो' वर सोडू नका. वीज जाऊन आली की सगळे एकाच वेळी चालू होतात आणि दोघे एकाच चॅनलवर जाऊन बसू शकतात.

या सगळ्याच्या मुळाशी केबल आहे. ॲक्सेस पॉइंट एकमेकांना वायरलेसने जोडलेले असतील आणि त्यासाठी वेगळा रेडिओ नसेल, तर प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो, कारण तोच रेडिओ ऐकतो आणि तोच पुढे पाठवतो. कॅट ६ ची केबल टाका. शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेतून पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज) दिलं की व्होल्टेज पडतं आणि तार तापते. आठपैकी एक तार जरी क्रिंपिंगमध्ये सुटली, तर लिंक मुकाट्याने १०० एमबीपीएसवर येऊ शकते आणि दोष मात्र वायफायला दिला जातो. स्विचच्या सेटिंगच्या पानावर पोर्टचा वेग १००० दिसतोय ना, हे आधी बघा. पीओईचं ८०२.३एएफ पोर्टमधून १५.४ वॉट देतं, त्यातले उपकरणाला १२.९५ वॉटच धरता येतात. मोठ्या ॲक्सेस पॉइंटना ८०२.३एटी, म्हणजे ३० वॉटचं, लागतं. वीज कमी पडली तर ॲक्सेस पॉइंट ताण आल्यावरच रीस्टार्ट होतो, म्हणून कारण लवकर सापडत नाही. आणि मेश युनिटला (एकमेकांना वायरलेसने जोडल्या जाणाऱ्या ॲक्सेस पॉइंटला) केबल लावली की त्याचं वायरलेस अपलिंक बंद झालंय का ते तपासा. दोन्ही चालू राहिले आणि लूप झाला, म्हणजे डेटा त्या दोन वाटांत गोल फिरत राहिला, तर अख्खं नेटवर्क ठप्प होतं.

जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून वापरायचा असेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणारं सेटिंग) बंद करा, त्याला मुख्य राउटरच्याच रांगेतला मोकळा पत्ता द्या आणि केबल वॅनऐवजी (बाहेरच्या इंटरनेटचा पोर्ट) लॅन (घरातल्या जोडणीच्या) पोर्टमध्ये लावा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सगळीकडे तंतोतंत एक हवा. एकीकडे डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए३ असेल तर काही उपकरणं पलीकडे जातच नाहीत.

वायफायची नावं मात्र कमीत कमी ठेवा, दोन पुरे. प्रत्येक नावाचा बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' अशी हाक, सेकंदाला जवळपास दहा वेळा जातो. जुन्या १ एमबीपीएसच्या दराने ३०० बाइटचा बीकन सुमारे अडीच मिलिसेकंद हवा अडवतो, म्हणजे चार नावांना मिळून जवळजवळ दहावा हिस्सा वेळ नुसत्या हाकाटीत जातो. ८०२.११बी चे दर बंद करून किमान दर ६ एमबीपीएस केला की हा खर्च आधीच्या पाचव्या हिश्शाच्याही खाली येतो. फक्त एखादा अगदी जुना प्रिंटर त्यानंतर जोडला जात नाही, तेवढं बघून घ्या.

आता राहिली के, व्ही आणि आर, ही ॲक्सेस पॉइंट बदलायला मदत करणारी तीन मानकं. ८०२.११के फोनला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची यादी देतं, व्ही 'तिकडे जा' असं सुचवतं. हे दोन्ही चालू ठेवा. आर हे बदल झटपट उरकण्यासाठी असतं, पण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. साध्या पासवर्डच्या डब्ल्यूपीए२ वर हस्तांतर मुळातच थोडक्या मिलिसेकंदांचं असतं, तिथे आर चा फायदा कमी आणि जुने स्मार्ट बल्ब, कॅमेरे अडण्याचा धोका जास्त. डब्ल्यूपीए३ वर मात्र चालू करून पाहण्यासारखं आहे.

ठरावीक सिग्नलखाली फोनला बाहेर काढणारं किमान आरएसएसआय (किमान सिग्नल) हे सेटिंग सगळ्यात शेवटी, उणे ७८ ते ८० ला लावा. त्याआधी सिग्नलच्या टोकाला असलेली जागेवरची उपकरणं मोजून घ्या. गेटवरचा कॅमेरा उणे ८१ वर असेल, तर तो जोडला जातो, हाकलला जातो, पुन्हा जोडला जातो, असं दिवसभर चालतं.

तपासायला राउटरच्या पत्त्यावर पिंग (उत्तर मागणारा छोटा संदेश) लावा, सेकंदाला पाच, आणि सावकाश चाला. इंटरनेटवरच्या पत्त्यावर नको, नाहीतर बाहेरचा दोष आत मोजला जाईल. बीएसएसआयडी बदलताना एक-दोन पिंग गळले तर उत्तम. पाच-दहा गळत असतील तर सुरक्षेचा प्रकार किंवा डीएफएस तपासा. बीएसएसआयडी बदलतच नसेल, तर मागे राहिलेल्या ॲक्सेस पॉइंटची पॉवर अजून जास्त आहे.