टॉम ऑस्बॉर्न, कोच ते खासदार

आज नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात नेब्रास्का युनिव्हर्सिटीची मॅच बघितली, अमेरिकन फुटबॉल, सगळं स्टेडियम लालभडक! मैदानाला नावच टॉम ऑस्बॉर्न फील्ड आहे, मग घरी येऊन त्यांच्याबद्दलच वाचत बसलो.

१९७३ ते १९९७, पंचवीस सीझन एकाच कॉलेजचे हेड कोच, २५५ विजय आणि फक्त ४९ पराभव, तीन नॅशनल टायटल्स. पण मला सगळ्यात भारी वाटली ती जानेवारी १९८४ ची ऑरेंज बोल, म्हणजे सीझनच्या शेवटची मोठी मॅच. शेवटच्या मिनिटाला मायामी ३१, नेब्रास्का ३० झालं, साधी किक मारून एक पॉइंट घेऊन टाय केली असती तरी टायटल बहुतेक मिळालंच असतं, पण हा माणूस जिंकायलाच गेला, दोन पॉइंट्सचा प्रयत्न केला आणि हरला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

नंतर २००१ पासून तीन टर्म रिपब्लिकन खासदार. २००६ ला गव्हर्नरपदासाठी उभे राहिले तर पक्षाच्या प्रायमरीतच, म्हणजे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीतच, तेव्हाचे गव्हर्नर डेव्ह हाइनमननी हरवलं, इतकं प्रेम करणाऱ्या राज्यात! म्हणजे लोकांनी कोच वेगळा आणि गव्हर्नर वेगळा ठेवला, आणि ते मला मनापासून आवडलं. पुढच्या वर्षी ते परत युनिव्हर्सिटीत, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणून, म्हणजे तिथल्या सगळ्या खेळांचे प्रमुख.