आमची वाटचाल : आधी स्लाइड, मग औषध

पुण्यातला आमचा दवाखाना फक्त कुत्र्या-मांजरांच्या अंतर्गत आजारांसाठी आहे. लसीकरण, नसबंदी, नखं कापणं आम्ही करत नाही. आमच्याकडे केस पाठवणाऱ्या इतर डॉक्टरांना आपला पेशंट परत येईल याची खात्री लागते. निदान झालं की उपचाराचा कागद घेऊन जनावर त्यांच्याकडेच जातं. हे पथ्य पाळल्यानेच दवाखाना टिकला, सोनोग्राफीमुळे नव्हे.

आमचे डॉक्टर साडेपाच वर्षांच्या पदवीनंतर मेडिसिनमध्ये एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेले आहेत. अमेरिकेसारखी रेसिडेन्सी (तज्ज्ञांच्या हाताखालचं प्रशिक्षण) आणि बोर्डाची परीक्षा आपल्याकडे नाही. पुढची तयारी रोजच्या केसेसवरच होते.

यंत्रं घेताना आधी सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज (नमुना वेगाने फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) आणि रिफ्रॅक्टोमीटर (लघवीची घनता मोजणारं) घेतले. रक्तपेशी मोजणारा सेल काउंटर नंतर आला, सोनोग्राफी त्याहून उशिरा. कारण मशीन प्लेटलेट ४० हजार दाखवतं, गोचीड ताप समजून औषध सुरू होतं, आणि मग रक्ताच्या स्लाइडच्या टोकाला प्लेटलेटचे गुच्छ सापडतात, म्हणजे मशीनने ते मोजलेच नव्हते. मांजरांत तर हे नेहमीचंच. गुच्छ नसतील तर १००x च्या भिंगाखाली दहा फील्डमधल्या (एका वेळी दिसणाऱ्या भागांतल्या) प्लेटलेट मोजून सरासरीला १५ हजारांनी गुणायचं. अंदाज पुरेसा येतो.

एर्लिचिया (गोचीड तापाचा जंतू) ठरला तर डॉक्सिसायक्लीन, किलोला रोज १० मिलिग्रॅम, २८ दिवस. ताप उतरला की चौथ्या-पाचव्या दिवशी गोळ्या बंद करणारे खूप. गोळी कोरडी दिली तर अन्ननलिकेत अडकून जखम होते, मांजरांत विशेष. वरून ५-६ मिली पाणी पाजायचंच. बॅबेसिया गिब्सोनी (गोचिडीतूनच येणारा रक्तातला परजीवी) निघाला तर नेहमीच्या इंजेक्शनवर भिस्त ठेवू नये. त्याला अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिनची जोडी लागते, आणि ती महाग पडते.

रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढलेलं असेल तर सलाईन लावण्याआधी लघवीचा नमुना घ्या, ही आमची सगळ्या डॉक्टरांना विनंती. जनावर कोरडं पडलेलं असूनही लघवीची घनता कुत्र्यात १.०३० आणि मांजरात १.०३५ च्या खाली असेल तर संशय मूत्रपिंडावर. वर असेल तर बहुधा नुसतं पाणी कमी पडलंय. एकदा सलाईन गेलं की त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

मधुमेहात घोळ होतो तो सिरिंजचा. बाजारात इन्शुलिन मिलीला ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदीचं मिळतं. १०० चं इन्शुलिन ४० च्या सिरिंजने दिलं तर डोस अडीचपट जातो, आणि साखर जीवघेणी उतरते. उलट झालं तर साखर आटोक्यात येत नाही आणि दोष मात्र औषधाला लागतो. बाटली आणि सिरिंज दोन्ही सोबत आणा.

पोटाच्या सोनोग्राफीसाठी १२ तास उपाशी, पाणी चालेल, येण्याआधी लघवीला नेऊ नका. मधुमेही जनावराला मात्र उपाशीपोटी नेहमीचं इन्शुलिन देऊ नये. त्या दिवशीचा डोस आधी फोन करून ठरवावा.