आमच्या गेममध्ये विषं कशी आली, आणि उतारे त्यांच्या मागून कसे आले

आमच्या गेममध्ये विष म्हणजे एक हिरवा आकडा होता. विषारी पातं लागलं की दर दोन सेकंदांनी पात्राचे थोडे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण, कमी व्हायचे, आणि उताऱ्याची बाटली प्यायली की ते थांबायचं. सगळ्या विषांवर बाटली एकच. कोळी चावला तरी ती, राजाच्या पेल्यात कुणी काही कालवलं तरी ती. प्रत्येकाच्या पिशवीत असल्या पाच-पन्नास बाटल्या पडलेल्या असत, त्यामुळे वैद्याचं पात्र घेणाऱ्यांना जखमा बांधण्यापलीकडे कामच नव्हतं. शेवटी त्यांनी तक्रार केली. हा गेम आम्ही काही मित्र हौसेने चालवतो, आणि विषांचं खातं माझ्या गळ्यात पडलं.

गेम निव्वळ मजकुरावर चालतो, चित्रं अजिबात नाहीत. या कामात त्याचा फायदाच झाला. लक्षण दाखवायला ॲनिमेशन लागत नाही, एक वाक्य पुरतं. ‘दिव्याचा उजेड डोळ्यांना टोचतोय’ असं वाक्य पडद्यावर आलं की खेळाडू विचार करायला लागतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून टाकली: विष बनवायची कृती गेममध्ये नसेल. वनस्पतींची नावं काल्पनिक, प्रमाणं मोघम, आणि तयार कुपी एका संशयास्पद म्हाताऱ्याकडून विकत घ्यायची. खरेपणा हवा होता तो विष शरीरात गेल्यानंतरचा. काय होतं, किती वेळाने होतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला काय करता येतं, एवढंच. खेळ तिथेच असतो. कुपी कशी भरली यात कुणाला गंमत वाटणार?

मग वाचन सुरू केलं. मला विषांची यादी हवी होती, पण कामाला आली ती वेगळीच गोष्ट. सुश्रुतसंहितेचा कल्पस्थान हा भाग सगळा विषांवर आहे, आणि त्यात विषाचे सात वेग, म्हणजे टप्पे, सांगितले आहेत. पहिल्या वेगात अमुक लक्षणं, दुसऱ्यात तमुक, आणि प्रत्येक वेगाला वेगळा उपचार. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याच्या डोळ्यांना हे सरळ स्टेट मशीन दिसतं, म्हणजे एका अवस्थेतून पुढच्या अवस्थेत जाणारी नियमांची साखळी. आमचा कोड लिहिणारा मित्र हे ऐकून म्हणाला, “मग माझं अर्धं काम आधीच झालंय की.” सातच्या सात पायऱ्या सगळीकडे ठेवल्या नाहीत, पण पायरीगणिक उपचार बदलतो हे तत्त्व तिथून उचललं.

दुसरा बदल याहून मोठा होता. विषाने हिट पॉइंटला हातच लावायचा नाही. त्याऐवजी प्रत्येक पात्राच्या पोटात पाच-सहा छुपे आकडे ठेवले: श्वास, हृदयाची गती, स्नायूंची ताकद, शुद्ध, यकृत आणि शरीरातले स्राव. विष यातला एखादा आकडा वर किंवा खाली ढकलतं. श्वास ठरावीक रेषेच्या खाली गेला तरच माणूस मरतो. औषधंही याच आकड्यांवर चालतात. कुठल्या विषावर कुठला उतारा, असा तक्ता मी लिहिलाच नाही.

याचं फळ बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या वेळी मिळालं. गेममध्ये तिला मी दुसरं नाव दिलं आहे, पण वागणूक तीच. या झाडातलं ॲट्रोपिन ॲसिटिलकोलिन या, मज्जातंतूंचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाची जागा अडवून बसतं. मग तोंड कोरडं पडतं, घाम थांबतो, अंग तापतं, नाडी पळायला लागते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात आणि माणूस भ्रमात बडबडतो. आता आफ्रिकेतली कॅलाबार नावाची शेंग घ्या. आरोपी खरा की खोटा हे ठरवण्यासाठी तिथे तो विषारी दाणा आरोपीला खायला घालत. त्यातलं फायसोस्टिग्मिन त्याच ॲसिटिलकोलिनला मोडू देत नाही, म्हणून ते साचत जातं. लाळ गळते, घाम फुटतो, नाडी मंदावते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. एक विष आकडा खाली ओढतं, दुसरं वर. १८६४ मध्ये प्रागमधल्या एका डॉक्टरने ॲट्रोपिनची बाधा झालेल्या कैद्यावर कॅलाबारचा अर्क वापरला आणि बाधा उतरली, हे मी वाचलं होतं. पण गेममध्ये ते मुद्दाम घातलं नव्हतं. दोन्ही विषं फक्त योग्य दिशेला ढकलणारी लिहिली होती. चाचणीत एका खेळाडूने, काही सुचेना म्हणून, भ्रमात गेलेल्या साथीदाराला दुसरी कुपी पाजली आणि तो शुद्धीवर आला. मग उत्साहाच्या भरात आणखी पाजली. साथीदाराच्या तोंडातून फेस यायला लागला. उतारा जास्त झाला की तोच विष. विष ठरतं ते मात्रेमुळे, असं पॅरासेल्सस या युरोपीय वैद्याने १५३८ मध्ये मांडलं, ते आमच्याकडे बेरीज-वजाबाकीतून आपोआप उगवलं. त्या रात्री कोड लिहिणारा मित्र आणि मी उगाचच एकमेकांचं अभिनंदन करत होतो.

क्युरारी मात्र विचारपूर्वक घडवली. दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं हे बाणविष. ते रक्तात गेलं तरच भिनतं, म्हणून शिकारीचं मांस खाणाऱ्याला काही होत नाही. स्नायू एकेक करून ढिले पडतात, श्वासाचे स्नायू सगळ्यात शेवटी, पण शुद्ध हरपत नाही. गेममध्ये हे फार भीतिदायक ठरलं. बाण लागलेल्या खेळाडूला पडद्यावर सगळं दिसत राहतं: कोण काय बोललं, कोण पळून गेलं. त्याने काहीही टाइप केलं तरी एकच उत्तर येतं, ‘हात उचलत नाही’. यावर उतारा ठेवलाच नाही. १८१४ मध्ये लंडनमध्ये एका गाढविणीला हे विष देऊन भात्याने तिच्या फुप्फुसांत हवा भरत ठेवली होती. विषाचा अंमल ओसरला आणि ती पुढे कित्येक वर्षं जगली. तेच आम्ही घेतलं. कुणीतरी शेजारी बसायचं आणि दर काही सेकंदांनी ‘श्वास दे’ ही आज्ञा टाइप करायची. चुकलं की रुग्ण गेला. गुहेच्या तोंडाशी दोन वैद्यांनी आळीपाळीने एका धनुर्धराला असं धरून ठेवलं. एक टाइप करून दमला की दुसरा, आणि बाकीचे अस्वलांना अडवत होते. वैद्यांची तक्रार त्यानंतर कधी आली नाही.

सर्पदंशाबद्दल थोडक्यात. चिरा देणं, रक्त चोखणं, घट्ट आवळून बांधणं या आज्ञा चालू ठेवल्या, कारण लोक त्या टाइप करणारच. फक्त त्यांनी नुकसानच होतं. अँटीव्हेनमच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, जागी एक सीरम आहे, आणि ते सापाच्या जातीप्रमाणे वेगळं. पापण्या जड होऊन मिटत असतील तर नागाच्या वर्गातलं, हिरड्यांतून रक्त येत असेल तर घोणशीच्या वर्गातलं. वैद्याने लक्षण वाचायचं आणि कुपी निवडायची.

खरी डोकेदुखी वेळेची होती. ‘डेथ कॅप’ ही अळंबी खाल्ल्यावर सहा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस चक्क बरं वाटतं, आणि त्यानंतर यकृत निकामी व्हायला लागतं. आमच्या गेममधला एक तास म्हणजे बाहेरची पाच मिनिटं. म्हणजे जेवणानंतर अर्धा तास ते तासभर सगळे निर्धास्त. कथेला हे झकास, पण खेळाडूला अन्यायाचं वाटणारच: लक्षण दिसेपर्यंत विष यकृतात पोचलेलं असतं, मग वैद्य करणार काय? शिवाय लॉग आउट करून लपणारे होतेच. घड्याळ चालू ठेवलं तर माणूस झोपेत मरतो, थांबवलं तर विष लागताच जो तो गेम बंद करतो. यावर आमचं चांगलंच भांडण झालं. शेवटी असं ठरलं की वैद्याच्या खाटेवर लॉग आउट केलं तर घड्याळ चालतं, पण शुश्रूषाही चालू राहते. इतरत्र कुठेही नुसतं घड्याळ.

पहिल्या अडचणीला वाट खऱ्या वैद्यकानेच दिली. या अळंबीचं विष पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं आणि तिथून पुन्हा यकृताकडे जातं. म्हणून उशिरा, पण परत परत दिलेला औषधी (सक्रिय) कोळसा त्यातलं काही आतड्यातच धरून ठेवू शकतो. गेममध्ये हे जसंच्या तसं घेतलं: मीठ-पाणी सतत, कोळसा ठरावीक वेळाने, आणि तरीही काही जण दगावतात. कोळसा मग इतका लोकप्रिय झाला की लोक तो सगळ्यावरच द्यायला लागले. धातूंना तो धरत नाही हे त्यांना अजून कळायचं होतं.

धातूंकडे वळायला कारण झाले स्वतःला मिथ्रिडेटीस समजणारे खेळाडू. काळ्या समुद्राकाठच्या पाँटस या प्राचीन राज्याच्या या राजाने रोज थोडंथोडं विष घेऊन शरीर सरावाचं करून घेतलं होतं अशी कथा आहे. ती वाचून आमच्याकडे एक टोळीच रोज चिमूटभर काहीबाही चाटू लागली. काही विषांना सराव होतो, हे आम्ही ठेवलं होतं. पण शिसं साचतं, हाडांत वर्षानुवर्षं राहतं. सुश्रुतांनी शरीरात दडून राहणाऱ्या विषाला दूषीविष म्हटलं आहे; शिशासाठी मी कोडमध्ये व्हेरिएबलला तेच नाव दिलं. पोटात कळ, मलावरोध, फिकुटलेला चेहरा, आणि शेवटी मनगट लुळं पडून हातातली तलवार गळते. शरीरातून शिसं ओढून काढणारी औषधं विसाव्या शतकातली. आमच्या मध्ययुगी जगात ती बसत नाहीत. तिथे एकच उपाय: शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा.

एका सरदार घराण्याच्या मद्याच्या भांड्यांत ते मी ठेवलं आहे. त्या घराण्याचे खेळाडू सध्या तलवारीला शाप लागलाय असं धरून चालले आहेत आणि त्यांनी एका मांत्रिकाला बऱ्यापैकी सोनं मोजलं आहे. एका वैद्याने मात्र परवा विचारलं, “हे सगळे एकाच पंगतीला बसतात का?” तिला स्वयंपाकघरात जायची परवानगी हवी आहे. मुदपाकखान्याची खोली अजून लिहिलेलीच नाही, ती या आठवड्यात लिहायची आहे.