चुंबळ कुठाय?

‘माणसाची आकृती कॉम्प्युटर उभी करतो, उजेड कॉम्प्युटर पाडतो, मग तुम्ही फोटोशॉपमध्ये चार-चार दिवस करता तरी काय?’ घरच्यांपासून संपादकांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून आषाढी विशेषांकाच्या मुखपृष्ठाचंच सांगते. चित्र साधं होतं: डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन वारीत चालणारी बाई.

यंत्राचं श्रेय आधी यंत्राला देते. मी डॅझ स्टुडिओ या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. तिथे तयार आकृती मिळते. तिचं वय, बांधा, चेहरा बदलायचा, सांधे वळवून हवी तशी उभी करायची, दिवे लावायचे. २०१५ साली त्यात आयरे हे रेंडर इंजिन, म्हणजे मांडलेल्या दृश्याचं चित्र (रेंडर) काढून देणारा प्रोग्रॅम आला, तेव्हापासून उजेड खऱ्यासारखा पडायला लागला. प्रकाश कातडीत जरासा शिरतो, आत पसरतो आणि बाहेर येतो. मागून ऊन आलं की कानाची पाळी लालसर दिसते ती त्यामुळे. आयरे ते हिशोबाने काढतं. हाताने मला इतकं नेमकं कधीच जमलं नसतं. साडेतीन हजार पिक्सेल उंचीचं रेंडर रात्री लावलं, सकाळी उठले तर तयार होतं.

ते शेजारच्या आजींना दाखवलं. त्यांनी बऱ्याच वाऱ्या केल्यात. चष्मा पुसून त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, ‘चुंबळ कुठाय?’

ओझ्याखाली डोक्यावर ठेवतात ती फडक्याची गुंडाळी नव्हतीच. वृंदावन थेट केसांवर ठेवलेलं होतं. ठेवलेलं तरी कुठे, स्क्रीन मोठी करून पाहिलं तर केसांपासून केसभर वर तरंगत होतं. तुम्ही विचारता त्याचं उत्तर मला आजींच्या त्या दोन शब्दांत सापडलं. यंत्राला उजेड कळतो, ओझं कळत नाही. एक वस्तू दुसरीला टेकली की दोन्हींत काही ना काही बदलतं. साध्या रेंडरमध्ये ते होत नाही. एकतर मध्ये फट राहते, नाहीतर एक वस्तू दुसरीत घुसते.

चुंबळीसाठी ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक जाड कडं केलं, त्याच उजेडात रेंडर करून बसवलं आणि फडक्याचे पीळ हाताने रंगवले. खाली केस दबलेले दाखवले, कडेने दोन-चार बटा बाहेर काढल्या. बट काढायची तर टॅब्लेटवरच्या पेनचा दाब टोकाकडे हलका करत न्यायचा, नाहीतर केसाची तार होते.

मग मान. डोक्यावर ओझं असलं की मानेच्या शिरा ताठ होतात. रेंडरमधली बाई मात्र बागेत फिरायला आल्यासारखी सैल उभी. त्यासाठी पन्नास टक्के करड्या रंगाचा एक लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर घेऊन तो खालच्या चित्रात मिसळणाऱ्या ‘सॉफ्ट लाइट’ मोडवर ठेवते आणि त्यावर डॉज-बर्न करते, म्हणजे उंचवट्यावर उजळ आणि खोलगटात गडद. ब्रश अगदी फिका, पाच-सात टक्क्यांचा, पण वीस वेळा फिरवायचा.

सगळ्यात वेळ गेला बोटांवर. उजव्या हाताने तिने वृंदावनाची कड धरली होती, आणि तर्जनीचं टोक पितळेत बुडालं होतं. तुम्ही स्वतः टेबलाची कड घट्ट धरून बघा. बोटाचा मांसल भाग चपटा होतो, नखाच्या टोकाकडचं रक्त हटून तिथे पांढरट दिसतं, आणि बोट नि लाकूड यांच्यामध्ये एक बारीक काळपट रेघ येते. हे तिन्ही मी काढलं. ती रेघ खालचं गडद करणाऱ्या ‘मल्टिप्लाय’ मोडच्या लेयरवर, तीन पिक्सेलच्या ब्रशने. रंग काळा नाही, तपकिरीत लाल मिसळलेला. काळा घेतला की बोट कापून चिकटवल्यासारखं वाटतं. पाच बोटांना दीड दिवस लागला.

माझे काका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायचे. निगेटिव्हच्या मसाल्याच्या बाजूवर टोकदार पेन्सिल चालवायचे. तिथे निगेटिव्ह गडद झाली की कागदावर तेवढी सुरकुती उजळायची. हात चुकला तर भरून काढणं अवघड. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ साली आले, तोवर काकांचे डोळे थकले होते. लग्नाच्या फोटोतली पुटकुळी ते घालवायचे, तीळ ठेवायचे. ‘तीळ तिचा आहे, पुटकुळी पाहुणी आहे,’ म्हणायचे. माझं काम त्यांच्या उलट. आकृतीचा चेहरा डावा-उजवा सारखाच येतो, म्हणून मी एक भुवई जराशी खाली आणते, हनुवटीवर तीळ देते, कुंकू किंचित फिसकटवते. नऊवारीचा काष्टाही हातानेच रंगवावा लागला. तयार कपड्यांत मला गाऊन मिळाले, चिलखतं मिळाली, नऊवारी नाही.

इफेक्ट मात्र मी हात राखून वापरते. तुळशीमागे तेजोवलय हवं होतं संपादकांना. मी नको म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. आषाढातल्या भरून आलेल्या आभाळाखाली किरणं कुठून येणार? त्याऐवजी पाऊस दिला. नॉइज म्हणजे बारीक ठिपके, ते मोशन ब्लरने एका दिशेला ओढायचे, वर खालचं उजळ करणारा ‘स्क्रीन’ मोड, आणि असे तीन लेयर. जवळच्या सरी जाड आणि मोजक्या, लांबच्या बारीक आणि दाट; चेहऱ्यावरून सर जायला नको, म्हणून तिथे मास्क लावून तेवढा भाग झाकला. मागची दिंडी धूसर करायला डेप्थचं, म्हणजे काय किती लांब आहे ते करड्या छटांत दाखवणारं वेगळं रेंडर काढलं होतं, तेच मास्क म्हणून वापरलं. ढगाळ उजेडात सावली लांब पडत नाही, पण तळव्याखाली चिखल काळाच दिसतो. ते विसरलं की बाई जमिनीवर उभी राहत नाही. पदराचा भिजलेला भाग गडद केला, काठावर चिखलाचे शिंतोडे दिले.

तुम्हाला करून बघायचं असेल तर रंगवायला फोटोशॉपऐवजी गिंप किंवा क्रिता घ्या, दोन्ही फुकट आहेत. डॅझ किंवा ब्लेंडरमध्ये कप धरलेल्या हाताचं एक रेंडर काढा. शेजारी खरा कप धरून बसा, आणि पहिल्या दिवशी फक्त अंगठा करा.